दुहेरी शिवण

साहेब कचरापेटीपाशी बसला तो बसलाच. मास्तरांनी साखळी ओढली, दटावलं, गोंजारलंही, पण कुत्रा काही जागचा हलेना. जीभ बाहेर काढून तो कधी मास्तरांच्या हातातल्या पिशवीकडे बघे, कधी पलीकडच्या आइस्क्रीमच्या गाडीकडे.

काम काही करायचं नाही आणि सगळं जागेवर हवं, म्हणून त्याचं नाव साहेब. ते मास्तरांनीच ठेवलेलं. त्यांची हयात शिलाई मशीनवर गेली होती, साहेबलोकांची मापं त्यांना चांगली ठाऊक होती.

बायको गेली तसं मास्तरांनी दुकान बंद केलं. आता आमच्याकडे चला, असं मुलगा म्हणाला होता. मास्तर गेले नाहीत. त्याऐवजी त्यांनी घरामागच्या पडीक तुकड्यात कुदळ घातली. टोमॅटो, काकडी, घेवडा, वांगी. उन्हाळ्यात दोन वेळा पाणी, सकाळी किडे वेचायचे, कापडाच्या चिंध्यांनी वेल बांधायचे. आणि दर रविवारी मुलाच्या घरी जायची पिशवी भरायची. पिशवीही हातची, जाड कॅनव्हासची, तळाला दुहेरी शिवण. ओझ्याने उसवायला नको. पिशव्या कधी परत येत नसत. सूनबाई वापरत असेल, म्हणून मास्तर खुशीत नवी शिवायला घेत.

म्हातारा झालो तरी मुलाच्या घरची भाजी अजून माझ्या जिवावर आहे, हे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना इतक्यांदा ऐकवत, की लोक त्यांना लांबून बघून रस्ता बदलत. या एका वाक्यावर मास्तर जगत होते म्हटलं तरी चालेल.

मुलाचं घर तळ्याला वळसा घालून पलीकडे. तो गाडीने यायचा. बोळ अरुंद, म्हणून गाडी तळ्याकाठी लावून पुढे चालत. मास्तरांचे गुडघे धरलेले, तेव्हा कुत्र्याला फिरवायचं काम त्याच्याकडे. एका हातात साखळी, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवी गाडीत ठेवायची, तळ्याकाठी एक चक्कर मारायची आणि साहेबाला घरी आणून सोडायचं. कुत्र्याचा जीव आठवडाभर त्या चकरेवर टांगलेला असे.

आज सकाळी मुलाचा फोन आला. काम निघालंय, जमणार नाही. इकडे घेवडा तोडून झालेला, टोमॅटो असे पिकलेले की उद्याची खात्री नाही. मास्तरांनी गुडघ्यांना दोन शिव्या हासडल्या आणि स्वतःच निघाले. घामाघूम होऊ, पण पोचू. कुत्र्याचंही फिरणं होईल, नातवंडंही चकित होतील. ऊन तापायच्या आत पोचायचं म्हणून ते झपाझप चालत होते आणि साहेब त्यांच्याही पुढे ओढत होता. वाट त्याला पाठ होती. ती कचरापेटीपाशी येऊन संपली.

आइस्क्रीमवाला हसला. "काका, उगाच ओढू नका. ती पिशवी पेटीत रिकामी झाल्याशिवाय उठायचा नाही तो. मग त्याला कोन मिळतो. दर रविवारचं आहे त्याचं."

मास्तरांना आधी कळलंच नाही. कसली पिशवी, त्यांनी विचारलं.

आइस्क्रीमवाला बोलका होता. एक गाडीवाले दादा येतात, भाजी पेटीत ओततात, कुत्र्याला कोन घेऊन देतात. घरी कुणी खात नाही म्हणे. बायकोला निवडत बसायला वेळ नाही, मुलं नाकं मुरडतात. आपल्या खोलीवर चूल नाही, नाहीतर आपणच नेली असती, असंही तो म्हणाला.

"पण वडिलांना सांगवत नाही म्हणतात. भला माणूस आहे हो."

मग त्याने गाडीला अडकवलेली पिशवी कौतुकाने थोपटली. रिकामी झाली की दादा ती त्यालाच देतात. शिवण बघा, तो म्हणाला, दगड भरले तरी उसवायची नाही.

मास्तरांनी बघितली. दुहेरी होती.

मास्तरांना राग आला, पण तो काढायचा कुणावर? भला माणूस त्यांचाच मुलगा होता. मग त्यांनी पेटीचं झाकण उघडलं आणि पिशवी उपडी केली. टोमॅटो दबू नयेत म्हणून अगदी वर ठेवले होते, ते सगळ्यांत आधी पडले. साहेब टुणकन उठला आणि शेपूट हलवत आइस्क्रीमच्या गाडीपाशी गेला. मास्तरांनी त्याला कोन घेऊन दिला. पिशवी घडी करून आइस्क्रीमवाल्याच्या हातात ठेवली आणि ते मागे फिरले.

संध्याकाळी पाइप हातात घेऊन ते बराच वेळ परसात उभे होते. पाणी घालावं असं वाटेना. मग झाडांचा काय दोष म्हणून घातलं. इतक्यात मुलाचा फोन आला. गेल्या वेळच्या काकड्या काय गोड होत्या, मुलांनी मागून मागून खाल्ल्या, आज भाजी नाही म्हणून सगळेच कसे हळहळले, असं बरंच काही तो सांगत राहिला. मास्तरांनी मध्येच तोडलं नाही. त्याला मनासारखं बोलू दिलं.

"मग पुढच्या रविवारी दोन पिशव्या भरतो," ते म्हणाले. "साहेबाला कोनही दोन घे."