तेरवीचं जेवण

समुद्रकाठच्या त्या निवांत गावात सडक आली, हॉटेलाचे पाये खोदले गेले आणि माडांच्या वाड्यांना सोन्याचा भाव आला. तेव्हा सडकेवरच्या मुकादमाने, पंजाबरावाने, वाडीमालकाच्या एकुलत्या मुलीला मागणी घातली. अकोल्याची बायको वारल्याचं त्याने डोळे पुसत सांगितलं. खबर ट्रकवाल्याकडून अकोल्यात पोचली. साखरपुड्याच्या पंगतीत मळवट भरलेली तीच बायको, केशरबाई, त्याच्या शेजारच्या पाटावर बसली. “तू काहून आली?” तो पुटपुटला. “माही तेरवी जेवाले,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. नवरीने अंगठी त्याच्या वरणात टाकली. वाडीमालकाने हात जोडले, “बाई, तुमचा माणूस घेऊन जा.” “मले नाई पायजे. मी समुद्र पाहाले आली.” पोटभर जेवून ती लाटांत उभी राहिली. मागे मांडवात पंजाबरावाला बडवत होते. तिला समुद्राचा रागच आला. नीट ऐकू देत नव्हता.