समास सोडून

फौजदाराने टोपी काढून बाकावर ठेवली आणि मुलांच्या पहिल्या रांगेत गुडघे कसेबसे कोंबून बसला. बाईंनी कागदांचा गठ्ठा त्याच्यापुढे सरकवला. सव्वीस मुलांची सव्वीस पानं. शाळा सोडून जाणाऱ्या वर्गाने सरत्या वर्षाकडे वळून पाहायचं आणि एकेक पान लिहून जायचं, ही बाईंनीच पाडलेली रीत. यंदा त्या पानांना हा एक नवा वाचक मिळाला होता.

"वाच, वेलांटी," बाई म्हणाल्या. "फक्त ऱ्हस्व-दीर्घ काढू नकोस. तो अधिकार तुला नाही."

वेलांटी हे त्याचं शाळेतलं नाव. वीस वर्षांपूर्वी तो याच खोलीत बसायचा. पहिलीच्या जागी दुसरी आणि दुसरीच्या जागी पहिली वेलांटी देण्यात त्याने कधी चूक केली नव्हती. तो कसनुसा हसला.

सत्ताविसावं पान नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी, मधल्या सुट्टीनंतरच्या बाईंच्या तासाला, सगळे जिला पाखरू म्हणत ती मुलगी गच्चीवरून खाली पडली. ती अजून दवाखान्यात होती. डोळे उघडे, वाचा बंद.

गच्चीला कुलूप असायचं आणि चावी शिपाईमामांकडे. मामांचं म्हणणं, याच वर्गातलं कुणीतरी बाईंचं नाव सांगून चावी घेऊन गेलं. कोण, ते सांगता येईना. त्यांचा चष्मा तेव्हा टेबलावर राहिला होता. मुख्याध्यापक म्हणाले, बाईंच्या नावावर मुलं काय काय नेत नाहीत. ते खरंच होतं. आज या पानांतून चावी नेणारं पोर सापडलं नाही, तर मामांवर निष्काळजीपणाचा गुन्हा लागणार होता. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. मामा बाहेर घंटेखाली स्टुलावर बसले होते, हात मांडीवर, जणू फोटो काढून घ्यायला.

फौजदार वाचू लागला. बाई खिडकीशी उभ्या राहिल्या.

पानं तशी गमतीची होती. एकाने लिहिलं होतं, भिंतीवरचा पंखा वर्षभर नाही-नाही अशी मान हलवत राहिला, गणिताच्या तासाला खरं बोलणारा तो एकटाच. एकीने पाखरूबद्दल लिहिलं होतं, वह्या विसरण्यात तिचा हात कुणी धरला नसता, एकदा तर दप्तरच घरी ठेवून आली. आणखी एकाने लिहिलं होतं, विसरभोळ्यांना मैदानात उन्हात उभं करायची शिक्षा मुख्याध्यापकांनी यंदा बंद केली, तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या आणि बाईंनी टाळ्या मोजल्या.

"माझाही रंग त्या मैदानातच गेला," फौजदार म्हणाला.

"तुझा होता कधी?"

तो पुन्हा पानांत शिरला. अक्षर मात्र सगळ्यांचं वळणदार. बाईंच्या हाताखालून गेलेलं पोर शेकडो अक्षरांत ओळखू यायचं, आणि नुसत्या अक्षरावरून नव्हे. बाईंचा एक जुना नियम होता: प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात खूण करायची. मनाने लिहिलं तर 'स्व.', पुस्तकातून उतरवलं तर 'उ.', दुसऱ्याने सांगितलेलं ऐकून लिहिलं तर 'श्रु.', म्हणजे श्रुतलेखन. खूण नाही तर दोन गुण गेले. मुलं म्हणत, 'स्व.' लिहायला लावून बाईंनी आपल्याला परीक्षेआधीच स्वर्गवासी केलं. पण सवय अशी जडली की एका मुलीने आईने सांगितलेली किराण्याची यादीसुद्धा समास आखून, 'श्रु.' लिहून दुकानात दिली. 'श्रु.' किती किलो, असं दुकानदाराने विचारलं. हळूहळू सगळेच हात सुधारले. खुणा चुकेनाशा झाल्या आणि बाईंनी त्या पाहणं सोडून दिलं.

"त्या दुपारबद्दल सगळ्यांनी लिहिलंय," फौजदार म्हणाला. "तिसऱ्या परिच्छेदात."

"कसं नाही लिहिणार? वर्षभरात त्याहून मोठं काय घडलं?"

"शब्द थोडे मागेपुढे आहेत. म्हणणं एकच. पाखरू न विचारता बाहेर गेली, बाकी कुणी जागचं हललं नाही, बाई फळ्याशी होत्या."

"एका वर्गात बसले होते, एकच दिसणार. खोटं असतं तर सव्वीस तऱ्हा झाल्या असत्या. खऱ्याची तऱ्हा एकच असते रे."

त्याने मान डोलावली. बाईंनी विचारलं, पोर बोलायला लागली का. अजून नाही, तो म्हणाला. डॉक्टर म्हणतात, लागेल. छान होईल, असं म्हणून बाईंनी खिडकीची कडी लावली. वारा तर नव्हता.

"मामांना बोलावू आत? काय ते सांगून टाक एकदाचं. म्हातारा माणूस, उगाच टांगणीला कशाला."

"थांबा जरा."

तो पुन्हा पहिल्या पानावर गेला होता. या वेळी त्याचं बोट ओळींवरून नव्हे, पानाच्या डाव्या कडेने खाली सरकत होतं. दुसरं पान. तिसरं. सातव्या-आठव्या पानाला बोट थांबेनासं झालं, नुसती पानं उलटत गेली. शेवटचं पान ठेवून त्याने गठ्ठा नीट जुळवला.

"बाई, माझे दोन गुण नेहमी जायचे."

"जाणारच. खुणा विसरायचास तू."

"यांच्यातलं कुणी विसरलं नाही."

त्याने गठ्ठा उलटा फिरवून बाईंच्या पुढ्यात ठेवला. पहिल्या परिच्छेदाशेजारी 'स्व.' होतं, दुसऱ्याशेजारी 'स्व.' होतं, आणि तिसऱ्याशेजारी, सव्वीसच्या सव्वीस पानांवर, वळणदार अक्षरात, समास न ओलांडता, 'श्रु.'