गाडी तापते कशानं

तिसगावात गाडीचा काटा पुन्हा लाल रेघेवर गेला. मनकर्णाबाई सरपंच झाल्यापासून हे तिसऱ्यांदा होत होतं, आणि पाथर्डीची बैठक तर अकराला होती.

रज्जाक मिस्त्रीनं कूलंट पाहिलं, पंखा तपासला, पाइप चाचपले. सगळं ठीक होतं. मग तो गाडीसमोर उभा राहिला आणि हसायलाच लागला. रेडिएटरपुढची अख्खी जाळी झाकून एक लालभडक पाटी बसवली होती :

सरपंच

"नाना, वारा कुठून लागायचा इंजिनाला? ही काढा आधी."

"पाटी न्हाई निघायची," स्टेअरिंगवरून बाईंचे मालक कानिफनाना म्हणाले. "लोकांनी मला वळखायचं कसं?"

"पन सरपंच तर वहिनी हायेत ना?"

"हाय की. कारभार कोन बघतंय?"

मागच्या सीटवरून मनकर्णाबाई म्हणाल्या, "रज्जाकभाई, पान्हा घ्या. सव्वादहा झाले."

पाटी डिकीत गेली आणि काटा पाथर्डीपर्यंत लाल रेघेकडं फिरकला नाही. गाडी लावून नाना नेहमीसारखे बाईंच्या पुढं होऊन सभागृहाकडं निघाले.

दारातल्या नव्या शिपायानं बाईंच्या हातातलं बैठकीचं पत्र पाहिलं, त्यांना अदबीनं नमस्कार करून आत सोडलं. मग नानांपुढं हात आडवा धरला.

"ड्रायव्हर लोकांची बसायची सोय तिकडं लिंबाखाली हाय, मामा."