पक्षी चालणार नाही

"कुत्रा नाही, मांजर नाही, पक्षीसुद्धा चालणार नाही," नवे घरमालक म्हणाले. ते निवृत्त मुख्याध्यापक होते आणि खोली दाखवतानाही वर्गावर आल्यासारखे बोलत होते.

नवरा-बायकोला जुनी खोली आजच सोडायची होती. सामान भरलेला टेम्पो खाली उभा होता. म्हणून बायकोने पोपटाचा पिंजरा चादरीत गुंडाळून 'टेबल लॅम्प' म्हणून वर आणला होता.

(जुन्या मालकीणबाई वर्षभर जिन्यात उभ्या राहून ओरडायच्या. नवरा-बायको या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचे. पोपट मात्र मन लावून ऐकायचा.)

मुख्याध्यापकांनी पाण्याची धार दाखवायला नळ सोडला.

"नळ बंद करा. पाणी काय फुकट येतं?" टेबल लॅम्प म्हणाला.

मुख्याध्यापकांनी मुकाट्याने नळ बंद केला. तेवढ्यात वाऱ्याने दार आपटलं.

"दार हळू लावा. रोज रोज काय तेच सांगायचं?"

बायकोने डोळे मिटले. टेम्पो आता कुठे न्यायचा, या विचाराने नवऱ्याने खिडकीतून खाली पाहिलं.

मुख्याध्यापकांनी चादर बाजूला केली. आधी पोपटाकडे पाहिलं, मग बराच वेळ त्या दोघांकडे.



"पक्षी राहू दे, शिस्तीचा दिसतोय," ते म्हणाले. "तुम्हा दोघांचं मात्र विचार करून सांगतो."