अण्णांचा उशीर

शेवटच्या रविवारीही अण्णा लेकीकडे जेवायला उशिराच आले. "पानं केव्हाची वाढली आहेत. सायकलवर इतका वेळ लागतो?" ती करवादली. "वाटेत ओळखीचे भेटतात गं," अण्णा हसले. मंगळवारी ते झोपेतच गेले.

महिन्याभराने त्यांची सायकल घेऊन ती त्यांच्या घरून आपल्या घरी निघाली. सायकलमार्गावर मोटारी उभ्या होत्या. "ताई, पुलावर सायकल चालत नाही, खालून जा," म्हणत पोलिसाने तिला लांबच्या वळशाने पाठवलं. पुढचा चढ बसच्या धुरातून, सायकल ढकलत चढावा लागला.

वाटेत ओळखीचं कुणीच भेटलं नाही.

दारापाशी पोचायला तिला दीड तास लागला. सीटवर हात टेकून, धाप आवरत ती रिकाम्या जिन्यात म्हणाली, "दमला असाल, अण्णा. आधी जरा बसा."