कोरडं कॅरिअर

धाकटा भाऊ बरोबर येतो म्हणत होता. "गळ्यात लोढणं नको," असं तोंडावर सांगून मी एकटाच सायकलवर निघालो.

घाटमाथ्यावर भर पावसात मागचं चाक डगडगायला लागलं. टपरीतल्या पंक्चरवाल्याने ते फिरवून पाहिलं. "तीन स्पोक तुटलेत. डबलसीट चढलात वाटतं?"

"एकटाच आहे. डोळे फुटले का?"

त्याने कॅरिअरवरून हात फिरवला आणि तळवा मला दाखवला. सगळी सायकल निथळत होती. कॅरिअर कोरडं ठणठणीत होतं.

स्पोक बसवून झाल्यावर "जपून उतरा," म्हणाला, पण माझ्या खांद्यामागे बघत.

उतारावर क्षणभर ऊन पडलं आणि पुन्हा सर कोसळली. पाठीवर मात्र थेंबही पडेना. दरीकडचं वळण आलं. मी ब्रेक दाबायला गेलो, तेवढ्यात माझ्या बोटांवरचा पाऊसही थांबला.