मागची काच

"मागची काच खाली होत नाही का?" नेइदेनं दारावरचं बटण दोनदा दाबून विचारलं.

"करायची कशाला, दोना नेइदे?" बाईंना आदरानं 'दोना' म्हणत विक्रेता क्लेबर हसला. "खाली होणाऱ्या काचांच्या गाड्या बाहेर रस्त्यावर ढीगभर आहेत. ही बुलेटप्रूफ आहे. पुढची काच चार बोटं उतरते, टोल भरण्यापुरती. मागच्या काचा जन्मात हलायच्या नाहीत."

तिचा नवरा वाल्तेर समाधानानं मान डोलावत होता. साओ पाउलोतल्या बऱ्याच श्रीमंतांच्या अक्कलदाढा उपटलेला हा डॉक्टर. एप्रिलमध्ये सिग्नलला दोघांनी पिस्तूल लावून त्याची गाडी नेली आणि तेव्हापासून त्याचा उजवा हात थरथरायला लागला. थरथरत्या हाताच्या दंतवैद्यासमोर आ वासून बसायला कोण येणार? दवाखान्याला कुलूप होतं.

सकाळी न्याहारीला त्यानं सांगून टाकलं होतं, की गाडी आली की नेइदेचं पायी हिंडणं बंद. गुरुवारी रस्त्यावर भरणारा बाजार, मासेवाल्याशी हुज्जत, कोपऱ्यावर उभ्या उभ्या खाल्लेला तळलेला पेस्तेल आणि वर उसाचा रस, सगळं बंद. आपल्या इमारतीच्या गराजमधून निघायचं आणि मॉलच्या गराजमध्ये उतरायचं. "तुझ्याच भल्यासाठी," असंही म्हणाला. त्याला खरोखरच तसं वाटत होतं, आणि म्हणून तर नेइदेला जास्त राग आला होता. गाडीत काहीतरी खोट काढायची आणि घरी परतायचं, हे ठरवूनच ती आली होती.

"तीन वर्षं वापरलेली गाडी इतकी कोरी कशी?"

"दीडशे ठिकाणी तपासलीय. हा कंपनीचा दाखला. हा बुलेटप्रूफ गाडीला लागणारा लष्कराचा परवाना. काचांच्या कडा बघा, बुलेटप्रूफ काच खराब झाली की तिथेच बुडबुडे धरतात. एक बुडबुडा दाखवा आणि गाडी फुकट घेऊन जा."

नेइदेनं चष्मा लावला आणि सगळ्या काचांच्या कडा बोटानं चाचपल्या. बुडबुडा नव्हता. सीटवर ओरखडा नव्हता. टायरसुद्धा नवे होते.

"आणि किंमत?"

"जुन्या गाड्यांच्या दरांच्या तक्त्यात आहे तीच. वर एक रेआल नाही."

वाल्तेरनं मोबाइलवर तक्ता काढून आकडा पडताळून पाहिला. बरोबर होता. एखादा दुकानदार लबाड निघावा, असं नेइदेला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

"आत बसा ना," क्लेबर म्हणाला. "शांतता ऐकून बघा."

ती मागच्या सीटवर बसली. क्लेबरनं दोन्ही हातांनी दार ढकलून लावलं. बाहेर हॉर्न वाजवत जाणाऱ्या मोटारसायकली, कॉफीचं यंत्र, टीव्हीवरची मॅच, सगळं एकदम थांबलं. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता. समोरच्या टेबलाशी दोघं जाऊन बसले. क्लेबरनं कागद पसरले आणि वाल्तेरनं खिशातून पेन काढलं.

इतक्यात सही? तिला वाटलं होतं, आधी कॉफी होईल, घासाघीस होईल, मग वाल्तेर तिला विचारेल. तिनं हँडल ओढलं. दार हललं नाही. पहिल्या मालकाची लहान मुलं असावीत. त्यांनी आतून दार उघडू नये म्हणून लावलेली कळ कोणी परत फिरवलीच नव्हती. दीडशे ठिकाणी तपासणाऱ्यांनीही नाही. पुढच्या सीटवर चढून जावं, तर गुडघे अठ्ठावन्न वर्षांचे.

"वाल्तेर!" तिनं काचेवर मूठ आपटली. "सही करू नकोस! मला नकोय ही गाडी! ऐकतोयस का? नकोय मला!"

बाहेरून काळसर काचेमागे नुसता तिचा हात आणि हलणारं तोंड दिसलं.

"दोना नेइदे काच ठोकून बघतायत," क्लेबर म्हणाला. "सगळेच बघतात. आणि ठोकून बघणारा माणूस गाडी घेतल्याशिवाय जात नाही, डॉक्टर. वीस वर्षांचा अनुभव आहे माझा."

वाल्तेरनं हसून बायकोकडे बघत अंगठा वर केला आणि पेन कागदावर टेकवलं.

पहिलं पान. दुसरं. तिसरं. नेइदेची मूठ काचेवर तशीच राहिली. त्याचा हात थरथरत नव्हता. सरळ, सावकाश, पूर्वी दातात सिमेंट भरताना चालायचा तसा तो चालत होता. याच हातासाठी तिनं अपारेसिदाच्या माउलीला नवस बोलला होता. आनंदानं तिचा ऊर भरून आला आणि त्याच वेळी जीव गुदमरला. आता या गाडीला नको म्हणायचं कसं?

दार उघडलं. आवाज एकदम आत शिरले. वाल्तेरनं उजवा हात तिच्यासमोर धरला, बोटं पसरून.

"बघ! बघ ना! एकसुद्धा बोट हलत नाही!"

तिनं तो हात दोन्ही हातांत घेतला. गरम होता.

"दिसतंय," ती म्हणाली.

"आणि आतून काय एवढं ओरडत होतीस गं?"

तिनं त्याची पसरलेली बोटं हलकेच मिटली.

"काही नाही. बाहेर ऐकू येतं का, ते बघत होते."

एप्रिलनंतर पहिल्यांदाच वाल्तेर मोकळा हसला.

"अजिबात नाही, राणी," तो म्हणाला. "एक अक्षरही नाही!"